धर्माच्या रकान्यात काय लिहायचे?

चंद्रपूर शहरात ऑक्टोबरचा मध्य आला की रस्ते माणसांनी भरतात. १५ आणि १६ तारखेला दीक्षाभूमीवर गावोगावचे बौद्ध जमतात. नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे, तेव्हाच्या चांद्यात, धम्मदीक्षा दिली होती. ही गर्दी ओसरते न ओसरते तोच २१ तारखेला दुसरी गर्दी जिल्हा कारागृहाच्या दिशेने निघते. तिच्या खांद्यावर पिवळे गमछे असतात आणि ओठांवर ‘जय सेवा’. १८५८ साली याच दिवशी वीर बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांनी या कारागृहात फाशी दिली. मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातला हा गोंड तरुण तेव्हा पंचविशीतला होता. आज त्याच्या प्रतिमेपुढे केवळ हार चढत नाहीत. नवस बोलले जातात, लग्नपत्रिकेवर कुलदैवतांच्या जोडीने त्याचे नाव छापले जाते. याच सुमारास दसरा येतो, आणि गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात परसवाडीसारख्या गावी रावणाचे दहन न करता पूजन होते.

ही तिन्ही दृश्ये दोन शेजारच्या जिल्ह्यांतली, जवळपास एकाच पंधरवड्यातली. समकालीन धर्मात नवे काय घडते आहे, हा प्रश्न विचारला की अभ्यासकांची नजर बहुधा महानगरांकडे वळते: ध्यानाची शिबिरे, दूरचित्रवाणीवरचे गुरू, परदेशी पंथ. जंगलातल्या माणसाचा धर्म मात्र ‘प्राचीन’, ‘आदिम’, ‘परंपरागत’ अशा शब्दांच्या पेटीत बंद करून ठेवला जातो, जणू तिथे काही बदलतच नाही. प्रत्यक्षात महाराष्ट्रात गेल्या सत्तर वर्षांत धर्माच्या बाबतीत सर्वांत मोठी उलथापालथ कुठे झाली असेल, तर ती याच पट्ट्यात. पुढची पाने वाचताना एवढी एक गोष्ट मनात धरावी: इथले बहुतेक नवे प्रवाह बाहेरून आलेले नाहीत. माणसांनी आपल्या धर्माचे नाव आपण ठरवायचे आणि ते कागदावर उमटवायचे, असा आग्रह धरला. त्या आग्रहातून ते वर आले.

कागदाचे महत्त्व पहिल्यांदा दाखवले ते धम्मदीक्षेने. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या आजच्या भूभागात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्याही आत होती. १९६१ मध्ये ती २७ लाख ८९ हजारांवर गेली. दहा वर्षांत धर्माच्या नोंदीत एवढी झेप घेतल्याचे उदाहरण भारताच्या जनगणनेच्या इतिहासात दुसरे सापडणे कठीण. चांद्याच्या सोहळ्यामागे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांची मेहनत होती. हेच राजाभाऊ पुढे राज्यसभेचे उपसभापती झाले. पण सोहळा एका दिवसाचा असतो, रकाना मात्र दर दहा वर्षांनी समोर येतो. त्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिणे ही फुकटची गोष्ट नव्हती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचे संरक्षण सुरुवातीला हिंदूंपुरते आणि नंतर शिखांपुरते होते. केंद्र सरकारच्या सवलती बौद्धांना मिळाल्या त्या १९९० च्या दुरुस्तीनंतर. म्हणजे चौतीस वर्षे मूल, चिमूर, ब्रह्मपुरी, वरोरा या भागांतल्या गरीब घरांनी एका शब्दाची किंमत मोजली. ज्यांना हे धर्मांतर निव्वळ राजकीय खेळी वाटते त्यांनी त्या चौतीस वर्षांचा विचार करावा. केंद्राच्या सवलतींचा दरवाजा बंद होत असतानाही लिहिलेला शब्द हा श्रद्धेचाच शब्द असतो.

दोन पिढ्यांनंतर या धम्माचे रूपही बदलले आहे. पहिल्या पिढीने घरातले देव विसर्जित केले, बावीस प्रतिज्ञा पाठ केल्या, बुद्ध-भीमगीते गायली. आता जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावात विहार आहे, वर्षावासात ग्रंथवाचन होते, लग्ने बौद्ध पद्धतीने लागतात, आणि शिकलेली मुले विपश्यनेच्या शिबिरांना जातात. चळवळीचा धम्म आणि ध्यानाचा धम्म यांच्यात अधूनमधून खटकेही उडतात. हे खटके जिवंतपणाचे लक्षण आहेत. मृत धर्मात वाद होत नाहीत.

आता गोंडांकडे वळू, कारण हा विषय इथे सर्वांत खोल आहे.

ज्याला आज ‘कोया पुनेम’ किंवा ‘गोंडी धर्म’ म्हटले जाते त्याचे घटक जुने आहेत. पेन म्हणजे देव आणि पेनठाणा म्हणजे त्याचे स्थान. कुळांची चार, पाच, सहा आणि सात देवांच्या सगांत, म्हणजे कुळगटांत, झालेली विभागणी. सारख्या देवसंख्येच्या कुळांत लग्न न जुळवण्याचा नियम. बडादेव ऊर्फ परसापेन. पीक आणि फळ नवे खाण्याआधी होणारे पंडुम. यातले काहीही कुणी कार्यालयात बसून रचलेले नाही. पण हे सारे एका नावाखाली, एका संस्थापकाशी जोडून, पुस्तकरूपात मांडण्याचे काम विसाव्या शतकाच्या शेवटच्या पावशतकात झाले, आणि त्यात सर्वांत ठळक नाव नागपूरच्या डॉ. मोतीरावण कंगाली यांचे. १९४९ मध्ये जन्मलेले आणि २०१५ मध्ये गेलेले कंगाली रिझर्व्ह बँकेत नोकरी करत होते. आईवडिलांनी ठेवलेले ‘मोतीराम’ हे नाव बदलून त्यांनी ‘मोतीरावण’ केले. गोंडी भाषा, व्याकरण, देवस्थाने आणि पारी कुपार लिंगो या आद्य धर्मगुरूची शिकवण यांवर त्यांनी पुस्तकांमागून पुस्तके लिहिली. त्यांच्या पत्नी चंद्रलेखा कंगाली यांनीही लेखनाचे हे काम केले.

लिंगोची कथा कागदावर येण्याची ही पहिली वेळ नव्हती. नागपुरात काम करणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी ती परधान गायकाकडून उतरवून घेतली होती. १८६३ मध्ये हिस्लॉप बुडून मरण पावले आणि १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी त्यांची टिपणे छापली. त्या टिपणांत महादेवाने गोंडांना गुहेत कोंडले आणि लिंगोने त्यांची सुटका केली अशी कथा येते. टेंपल यांच्या काळातल्या वाचकाला त्यात हिंदू पुराणांची उसनवारी दिसली. कंगालींच्या मांडणीत काली कंकालीची तेहेतीस मुले, त्यांना सांभाळणारी जंगो रायताड, दगड हटवताना प्राण देणारा वादक हिरासुका पाटालीर आणि सुटकेनंतर त्या मुलांना सगांत वाटून समाज घडवणारा लिंगो असे संपूर्ण धर्मचरित्र उभे राहते. तीच गुहा, पण एका वाचनात ती उसनी आणि दुसऱ्यात मूळची. कोणते वाचन कुणाच्या हाती लेखणी असताना झाले, हे विसरून या दोघांची तुलना करता येत नाही.

ही गुहा गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात दरेकसाजवळच्या कचारगडला असल्याची श्रद्धा आहे. १९८० च्या दशकात कंगाली आणि त्यांचे मोजके सहकारी तिथे जाऊ लागले. आज माघ पौर्णिमेला तिथे महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगण आणि ओडिशातून लाखो लोक येतात. गडचिरोलीच्या कोरची-कुरखेड्यापासून सिरोंच्यापर्यंतच्या गाड्या त्या दिवसांत भरून जातात. सप्तरंगी झेंडा, पेनांच्या पालख्या, ढोल, पुस्तकांचे स्टॉल, विद्यार्थी संघटनांचे तंबू: तीर्थयात्रा आणि सभा यांच्यातली सीमा तिथे पुसली जाते. एक मोठी यात्रा एका माणसाच्या आयुष्यात उभी राहिलेली पाहायला मिळणे ही धर्माच्या अभ्यासकाला दुर्मीळ संधी आहे, आणि मराठीत तिच्यावर जेवढे लिहिले जायला हवे होते तेवढे लिहिले गेलेले नाही.

कंगालींच्या लेखनातले सगळेच टिकणारे नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. सिंधू लिपी गोंडीतून वाचता येते हा त्यांचा दावा भाषाशास्त्रज्ञांनी स्वीकारलेला नाही. सगे, पेनठाणे, गोत्रे, गाणी यांची त्यांनी केलेली नोंद हा मात्र वेगळा ऐवज आहे; पहिल्या दाव्यासाठी दुसऱ्या कामाला नाकारणे अन्यायाचे होईल. आणखी एक अडचण आहे, आणि ती चळवळीतल्या जाणत्यांनाही जाणवते. गोंडांचा धर्म गावागणिक वेगळा आहे. भामरागड-एटापल्लीच्या माडियांचा पेरमा जे विधी करतो ते राजुरा-कोरपन्याच्या राजगोंडांच्या विधींहून भिन्न असतात. कोलाम आणि परधान यांचे आणखी निराळे. एक झेंडा, एक ग्रंथ, एक आद्यगुरू असे ठरले की ओळख बळकट होते आणि त्याच वेळी गावाच्या देवाचे वेगळेपण झाकोळते. शिवाय चांद्याच्या गोंड राजघराण्यातल्या राणी हिराईने महाकालीचे मंदिर बांधले. चैत्रात तिच्या यात्रेला मराठवाड्यातून हजारो भाविक येतात. तो वारसा नव्या धर्मचरित्रात कुठे बसवायचा, यावर समाजातच मतभेद आहेत.

रकान्याचा प्रश्न इथेही उभा आहे. जनगणनेत सहा धर्मांना स्वतंत्र क्रमांक आहेत. बाकी सारे ‘इतर धर्म व पंथ’ या सदरात जातात. २०११ मध्ये या सदरात देशभरातून सुमारे ७९ लाख लोक नोंदले गेले. त्यांत झारखंड परिसरातले ‘सरना’ सुमारे ५० लाख होते आणि आपला धर्म ‘गोंड’ किंवा ‘गोंडी’ असे सांगणारे सुमारे १० लाख. देशातल्या गोंडांची लोकसंख्या एक कोटीच्या वर आहे, म्हणजे बहुसंख्यांची नोंद अजून हिंदू अशीच होते. ती त्यांच्या इच्छेने होते की प्रगणकाने न विचारताच पेन्सिल फिरवल्याने, हा वादाचा मुद्दा आहे. इंग्रजांच्या काळात ‘आदिवासी धर्म’ अशा आशयाचे वेगळे सदर होते. स्वातंत्र्यानंतर ते उरले नाही. ११ नोव्हेंबर २०२० रोजी झारखंड विधानसभेने सरना धर्मासाठी स्वतंत्र कोड मागणारा ठराव केला. त्या ठरावानंतर विदर्भातली गोंडी धर्मकोडची मागणीही तीव्र झाली. आता पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख ठरली आहे. त्यामुळे गावच्या बैठकांत, मोबाइलवरच्या संदेशांत, ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या भाषणांत हाच विषय पुन्हा पुन्हा येतो. याच्या उलट टोकाला ‘डीलिस्टिंग’ची मागणी आहे: ख्रिस्ती किंवा मुस्लिम झालेल्या आदिवासींना अनुसूचित जमातीच्या यादीतून काढा, असे जनजाती सुरक्षा मंच सांगतो. गडचिरोलीतल्या ख्रिस्ती आदिवासी कुटुंबांवर या मागणीचे सावट आहे. चांद्याला १९६२ पासून केरळच्या सिरो-मलबार चर्चचे स्वतंत्र धर्मक्षेत्र आहे आणि त्याच्या शाळा-दवाखाने जुने आहेत. अलीकडच्या काळात वाढल्या आहेत त्या लहान, घरगुती प्रार्थनासभा. आजारातून बरे होण्याची आशा हे त्यांचे मोठे आकर्षण आहे. जिथे डॉक्टर पोहोचायला दिवस लागतो तिथे ही आशा समजून घ्यावी लागते.

धर्माची दुसरी नोंद होते ती ग्रामसभेच्या ठरावात. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेव आहे. दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरजागड इलाक्यातल्या गावांचे लोक, आणि पलीकडे छत्तीसगडातलेही, तिथे जमतात. त्याच डोंगरात लोहखनिज आहे. २००७ मध्ये साडेतीनशे हेक्टरांच्या आसपास क्षेत्राचा खाणपट्टा दिला गेला; २०१६ मध्ये काम सुरू झाले, थांबले, आणि २०२१ पासून वेगाने वाढले. तेव्हापासून ठाकूरदेवाची जत्रा बदलली. पूर्वी ती देवाला भेटण्याची होती. आता तिथे वनहक्क कायद्याची कलमे वाचली जातात, पेसा कायद्याचा अर्थ सांगितला जातो, ठराव होतात. १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेचा रूढी आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार मानतो; २००६ चा वनहक्क कायदा सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारशाच्या रक्षणाचे काम तिच्याकडे सोपवतो. ओडिशातल्या नियमगिरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी निकाल दिला की डोंगरिया कोंधांच्या धार्मिक हक्काचा विचार ग्रामसभांनी करावा, आणि त्या पावसाळ्यात बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. सुरजागडच्या जत्रेत या निकालाचा हवाला दिला जातो. तिथे मात्र खनिजाचे ट्रक रोज धावतात.

काही जण म्हणतात की ठाकूरदेवाचे नाव खाणविरोधासाठी पुढे केले जाते. काही जण याच खाणीत कामाला लागले आहेत आणि त्यांना रोजगार हवा आहे. त्यांचेही ठाकूरदेवावर प्रेम आहे. हा ताण खरा आहे. पण डोंगर हाच देव असेल, तर डोंगर फोडण्याच्या प्रश्नाला धर्मापासून वेगळे काढता येत नाही. देवाची मूर्ती दुसरीकडे हलवता येते. डोंगर हलवता येत नाही.

या दोन जिल्ह्यांत बिगर-आदिवासी कष्टकऱ्यांचेही नवे पंथ रुजले, आणि त्यांतला एक महाराष्ट्राच्या इतर भागांत जवळजवळ अज्ञात आहे. नागपूरचे बाबा जुमदेवजी (१९२१ ते १९९६) यांनी सुरू केलेला ‘परमात्मा एक’ मानवधर्म भंडारा, गोंदिया, नागपूरपासून चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यापर्यंत पसरला आहे. दारावर ‘परमात्मा एक’ लिहिलेले घर दिसले की समजावे, या घरात एकाच परमेश्वराची उपासना होते, अंगारे-धुपारे, मांत्रिक-भगत बंद झाले आहेत, दारू आणि जुगार वर्ज्य आहे. घरातला माणूस ‘सेवक’ म्हणवतो. शेतमजूर, विणकर, छोटे शेतकरी यांच्यात हा मार्ग पसरला तो प्रवचनांनी कमी आणि दारू सुटलेल्या शेजाऱ्याकडे पाहून जास्त. त्याआधीची पायवाट राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी पाडली होती. चिमूर परिसरातल्या रामदिघीच्या रानात त्यांनी साधना केली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर पेटले त्यामागे त्यांच्या भजनांचा जोर होता. पुढे सामुदायिक प्रार्थना आणि १९५५ च्या ग्रामगीतेतून त्यांनी गावालाच उपासनेचा विषय केले. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या अड्याळ टेकडीवर गीताचार्य तुकारामदादांनी तो विचार स्वावलंबी ग्रामसभेच्या प्रयोगापर्यंत नेला.

दारूच्या प्रश्नावर मात्र हे प्रवाह एकमेकांना छेदतात. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. दोन्हीकडे बंदी आणली ती प्रामुख्याने बायांच्या आंदोलनांनी, आणि त्यांची तळमळ कुणीही नाकारू नये. पण गोंड आणि माडिया गावात मोहाच्या दारूचे पहिले थेंब देवाला आणि पूर्वजांना वाहिले जातात; जन्म, लग्न, मृत्यू यांतला कोणताही विधी तिच्यावाचून पुरा होत नाही. त्यामुळे सेवकाच्या घरात जे पाप आहे तेच चार घरे सोडून पलीकडे अर्घ्य आहे. अनेक ग्रामसभांनी यावर आपापली वाट काढली आहे: पेनापुढे मोह चालेल, विक्री चालणार नाही. कायद्याला न जमलेला हा फरक गावाला जमला.

याहून अवघड प्रश्न बायांचाच आहे. माडिया आणि गोंड गावांत पाळीच्या दिवसांत बाईने गावाबाहेरच्या किंवा घरामागच्या कुर्माघरात राहायचे असते. गळक्या छपराखाली, सापविंचवांच्या भीतीत काढलेले ते दिवस अनेकींच्या जिवावर बेतले आहेत. आपल्या धर्माचे नाव आपण ठरवणार असे म्हणणाऱ्या चळवळीला त्यातल्या या रूढीचे काय करायचे, हेही ठरवावे लागणार. काही गावांत संस्थांच्या मदतीने पक्की, पाणी-दिव्यांची कुर्माघरे बांधली गेली. तिथे बाया एकत्र बसतात, शिवतात, विसावा घेतात. काही तरुणींना हे पुरेसे वाटत नाही. त्यांना ही प्रथाच नको आहे. पेरमा, गायता, भुमक ही पुजाऱ्यांची पदे पुरुषांची आहेत, पण ग्रामसभेत बाईला मत आहे. नव्या धर्मचर्चेत तिचा आवाज किती ऐकू येतो यावर या चळवळीचे मोल ठरेल, असे म्हणायला हरकत नाही.

बाहेरच्यांनी या जगाशी कसे वागावे याचे एक चांगले उदाहरण याच मातीत आहे. धानोरा मार्गावरच्या शोधग्राममध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने दवाखाना उभारताना आदिवासींना विचारले. त्यांनी सांगितले, तो गोटूलसारखा, म्हणजे गावाच्या सामूहिक घरासारखा, असावा आणि त्याला देवीचे नाव असावे. म्हणून तो माँ दंतेश्वरी दवाखाना झाला. श्रद्धा आणि औषध यांच्यात इथे कुणाला निवड करावी लागली नाही.

धानोरा तालुक्यातल्याच मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये मुलांसाठी स्वतःची शाळा काढली: पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल. शिकवणे गोंडीतून होते. गणित, मराठी, इंग्रजीच्या जोडीने पेन, सगा, पंडुम आणि जंगलाची ओळख हाही अभ्यास असतो. शिक्षण खात्याच्या मान्यतेचा प्रश्न उभा राहिला आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. ग्रामसभेने राज्यघटनेतल्या मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या तरतुदीवर आणि पेसावर बोट ठेवले. लिंगोची कथा परधान गायकाच्या किंगरी या वाद्यावरून हिस्लॉपच्या वहीत गेली, वहीतून कंगालींच्या पुस्तकांत आणि आता पुस्तकांतून फळ्यावर. ती फळ्यावर राहू द्यायची की नाही, याची सुनावणी ज्या भाषेत चालते ती त्या वर्गातल्या मुलांची भाषा नाही.